वाचक विचारतात : जेल गेली, दंड आला, आणि अहवाल अजून इंग्रजीतच

मागच्या अंकात एक छोटी चौकट टाकली होती, की पर्यावरणाच्या कायद्यांत गेल्या दोन-तीन वर्षांत जे बदल झालेत त्याबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. मला वाटलं चार-पाच पत्रं येतील आणि त्यातली तीन शेजाऱ्याने आंबा तोडला याबद्दल असतील. आंबा आहेच, एक नाही दोन आहेत, पण बाकीची पत्रं वाचून मीच जरा सावरून बसले. काही प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच छापत नाही, बऱ्याच जणांनी तसं मागितलंय आणि कारणं उघड आहेत.

ताई, मी एमपीएससी करतोय. क्लासमध्ये सर म्हणाले की जनविश्वास कायद्याने पर्यावरणाचे गुन्हेच काढून टाकले, आता प्रदूषण केलं तरी जेल नाही. आमच्या ग्रुपवर दोन दिवस यावरून मारामारी चालू आहे. खरं काय?
*एक विद्यार्थी, सदाशिव पेठ*

सर अर्धे बरोबर आहेत. अर्धं बरोबर उत्तर परीक्षेत जास्त नडतं, म्हणून नीट सांगते.

भोपाळची वायुगळती डिसेंबर १९८४ ची. त्यानंतर दीड वर्षाने, मे १९८६ मध्ये, पर्यावरण (संरक्षण) कायदा झाला. संसदेने तो घटनेच्या २५३ कलमाचा आधार घेऊन केला, कारण 'पर्यावरण' असा विषय घटनेच्या याद्यांमध्ये सरळ नावाने नाहीच, मग १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत आपण जगाला जो शब्द दिला होता तो पुढे केला. कायदा तसा लहानसा, २६ कलमांचा, एका बैठकीत वाचून होतो. पण ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याची आधीच तपासणी), सीआरझेड (किनारपट्टीचे नियम), प्लास्टिकचे नियम, घातक कचऱ्याचे नियम, इको-सेन्सिटिव्ह झोन, ही सगळी बिऱ्हाडं त्याच एका छपराखाली राहतात. त्यामुळे शिक्षेचं एक कलम हललं की सगळ्यांचीच शिक्षा हलते, आणि ही गोष्ट तुमच्या ग्रुपवर कुणी लिहिली नसणार, पैज लावते.

ते कलम १५. आधी काय होतं, तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, उल्लंघन चालूच ठेवलं तर रोजचे ५ हजार, आणि दोषी ठरल्यावरही वर्षभराच्या पुढे तेच चालू असेल तर ७ वर्षांपर्यंत कैद. जनविश्वास कायदा, म्हणजे अनेक कायद्यांतली कैद काढून दंड आणणारा, २०२३ चा, पण पर्यावरण कायद्यातला बदल लागू झाला १ एप्रिल २०२४ पासून (तारीख लक्षात राहील, एप्रिल फूल). आता १० हजार ते १५ लाख दंड, चालू ठेवलं तर रोजचे १० हजार. कैद नाही. फक्त दंड ९० दिवसांत भरला नाही तर मात्र ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंडाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे जेल पुस्तकातून गेलेली नाही, पण ती आता नदी नासवली म्हणून नाही, पैसे थकवले म्हणून आहे. सरांना एवढं नक्की सांगा.

आता माझं मत विचारलं नाहीत तरी सांगते. पूर्वी जेलची तरतूद होती म्हणून कारखानदार रांगेने आत जात होते असं काही नव्हतं हो. खटला उभा राहायचा, नमुना घेणारा अधिकारी बदलून जायचा, बाटलीवरचं सील नीट होतं का यावर तीन वर्षं निघायची, आणि शेवटी सगळेच थकायचे. त्यामुळे "कैद गेली, आता प्रलय" असं मी म्हणत नाही. मला टोचतं ते वेगळंच. आधी शिक्षा ठरवायचं काम न्यायाधीशाचं होतं, आता ते निर्णय अधिकाऱ्याचं आहे, केंद्राचा सहसचिव किंवा राज्याचा सचिव किंवा त्याच्या वरच्या दर्जाचा. म्हणजे त्याच सरकारातला माणूस, ज्या सरकारला तोच कारखाना गुंतवणूक म्हणून हवाय. त्याच्या आदेशावर हरित लवादात (पर्यावरणाच्या वादांसाठीचं खास न्यायालय) अपील आहे, ते बरं आहे, पण पहिला हातोडा आता कोर्टात पडत नाही, ऑफिसच्या टेबलावर पडतो. आणि १५ लाख म्हणजे किती हे पुण्यातल्या माणसाने मला विचारू नये, तेवढ्यात वन बीएचकेचं डाऊन पेमेंट होतं फार तर.

गंमत म्हणजे उल्लंघन सरकारी खात्यानेच केलं तर खातेप्रमुखाला दंड किती, तर त्याचा एक महिन्याचा मूळ पगार. भत्ते सोडून.

दोन गोष्टी मात्र बदललेल्या नाहीत आणि त्या उत्तरात लिहाच. कलम ५ तसंच आहे, म्हणजे कारखाना बंद करा, वीज-पाणी तोडा असा आदेश आजही काढता येतो, आणि खरं सांगायचं तर मालक जेलपेक्षा त्यालाच जास्त घाबरतात. दुसरं, नुकसानभरपाई हा दंडापेक्षा वेगळा हिशोब आहे. सुप्रीम कोर्टाने ४ ऑगस्ट २०२५ ला सांगितलंय की पाणी आणि हवा कायद्याखाली प्रदूषण मंडळं स्वतः पर्यावरण भरपाई वसूल करू शकतात, कोर्टाची वाट बघायची गरज नाही, फक्त त्याचे नियम नीट हवेत.

आमच्या गावाजवळ केमिकलच्या प्लांटची जनसुनावणी लागली आहे. तहसीलमधून कळलं. अहवाल मागितला तर सातशे-आठशे पानांचा इंग्रजी गठ्ठा दाखवला, घरी न्यायचा नाही म्हणाले. आमचा मुलगा बारावी सायन्सचा आहे, त्यालाही कळेना. सुनावणीला जाऊन उपयोग असतो का, की नुसतं सह्या घ्यायला बोलावतात?
*एक गृहिणी, रत्नागिरी जिल्हा*

उपयोग असतो, पण तयारी करून गेलात तर. आणि वहिनी, मुलाला कळलं नाही यात त्याची काही चूक नाही, तो गठ्ठा बऱ्याचदा लिहिणाऱ्यालाही कळलेला नसतो. एका सुनावणीला मी स्वतः बसले होते तिथे सह्याद्रीतल्या गावाच्या अहवालात वाळवंटी झुडपांची यादी होती, कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातल्या अहवालावरून उचललेली. कंपनीचं नाव घेत नाही, पण सगळा मांडव हसला होता आणि सल्लागार साहेब घाम पुसत होते.

जनसुनावणी चालते ती २००६ च्या ईआयए अधिसूचनेप्रमाणे. सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी छापावी लागते, एका मोठ्या राष्ट्रीय पेपरात आणि एका स्थानिक भाषेतल्या पेपरात. तुम्हाला तहसीलमधून "कळलं" म्हणता, म्हणजे पेपरात आली होती का, कुठल्या तारखेला, ते कात्रण मिळवा आणि ३० दिवस मोजा. तुम्ही म्हणाल एवढ्याशा गोष्टीचं काय, पण अशा बाबतीत लोक हवा-पाणी-कॅन्सर सगळं पोटतिडकीने बोलतात आणि केस टिकते ती कधी कधी २८ दिवसांचीच नोटीस होती म्हणून.

अहवालाचा सारांश मराठीत द्यावाच लागतो, तो हक्क आहे, उपकार नाही. पूर्ण अहवाल मात्र मराठीत देण्याची सक्ती अधिसूचनेत नाही, आणि सगळ्या सुधारणांच्या चर्चेत माझ्या मते सगळ्यात मोठी सुधारणा हीच राहिलीय. आठवतंय का, २०२० मध्ये केंद्राने नव्या ईआयए अधिसूचनेचा मसुदा काढला, ऐन लॉकडाऊनमध्ये, तोही फक्त हिंदी आणि इंग्रजीत. सुनावणीची ३० दिवसांची मुदत २० वर आणायचं त्यात होतं. दिल्ली हायकोर्टाने ३० जून २०२० ला सांगितलं की घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या २२ भाषांत भाषांतर करा आणि मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवा. सरकार भाषांतर करायचं सोडून त्या आदेशाविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. तो मसुदा शेवटी अंतिम झाला नाही, पण त्यातल्या बऱ्याच गोष्टी नंतर सुट्या सुट्या कार्यालयीन पत्रकांतून येत राहिल्या, आणि ही युक्ती मला जास्त काळजीची वाटते, कारण मसुद्यावर लाखो लोक ओरडतात, पत्रकावर कोण ओरडणार, ते वाचतंच कोण.

तर तुमच्याकडे वळते. अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात आणि प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात बघायला ठेवलेला असतो. "घरी न्यायचा नाही" ठीक आहे, पण बघू देत नाहीत असं झालं तर तिथेच लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे पाण्यात घातलेली रांगोळी. ८०० पानं वाचू नका, तीनच प्रकरणं शोधा. एक, पाणी कुठून घेणार आणि सांडपाणी कुठे सोडणार. दुसरं, पायाभूत माहिती, म्हणजे प्रकल्पाआधी तिथली हवा-पाणी-जमीन कशी आहे ती, कुठल्या महिन्यात गोळा केली. बहुतेक वेळा पावसाळा सोडून एका ऋतूची असते, आणि कोकणात पावसाळा सोडला की मग राहतं काय, तुमचे ओढे-वहाळ त्या अहवालात कोरडेच दिसणार. तिसरं, १० किलोमीटरच्या आत काय काय आहे त्याची यादी. त्यात तुमची शाळा, तुमची मच्छीमार वाडी, तुमची आंब्याची कलमं आहेत का बघा. नसतील तर तेच बोलायचं.

सुनावणी घेतो जिल्हाधिकारी किंवा त्याचा प्रतिनिधी, आणि तो प्रतिनिधी अपर जिल्हाधिकाऱ्याच्या खालचा चालत नाही. व्हिडिओ शूटिंग व्हावंच लागतं. कोरमची अट नाही, म्हणजे दहा माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरतात, म्हणून "आपण बहिष्कार टाकू" असं कुणी म्हणालं तर नीट विचार करा, बहिष्काराची बातमी पेपरात येते आणि इतिवृत्तात मात्र "आक्षेप नाही" जातं. शेवटी इतिवृत्त तिथेच वाचून दाखवून मराठीत समजावून सांगायचं असतं, त्याआधी उठू नका. जेवणाची वेळ करतील, बस करतील, तरी उठू नका. आणि बोललात त्याचंच लेखी निवेदनही द्या.

एक खबरदारी. प्लांट मंजूर औद्योगिक वसाहतीच्या आत असेल तर सुनावणीतून सूट मिळू शकते, आणि विस्तार प्रकल्पांनाही काही वेळा मिळते. तुमच्याकडे लागलीय म्हणजे ती संधी आहे, घ्या.

हरित लवादात वकिलाशिवाय जाता येतं का? खर्च किती?
*सांगली*

येतं. कायद्यात स्वतः बाजू मांडायची सोय आहे. भरपाई मागत नसाल तर अर्जाची फी १००० रुपये, भरपाई मागितली तर रकमेच्या एक टक्का. आपलं खंडपीठ पुण्यात, महाराष्ट्र, गोवा, गुजरात त्याच्याकडे. पैशापेक्षा तारीख सांभाळा. पर्यावरण मंजुरीला आव्हान द्यायचं तर ३० दिवस, लवादाला पटलं तर आणखी ६०, त्यापुढे एक दिवसही नाही. इतर वादासाठी कारण घडल्यापासून ६ महिने, भरपाईसाठी ५ वर्षं. मंजुरीची पत्रं परिवेश या केंद्राच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या पोर्टलवर टाकतात, आठवड्यातून एकदा बघायची सवय लावा, कारण घरी कुणी पोस्टाने पाठवत नाही.

मी २२ वर्षं लंडनजवळ राहतो, मूळचा सोलापूरचा. इथे २००८ पासून क्लायमेट चेंज अॅक्ट आहे. भारतात असा कायदा का नाही? की आहे आणि मला माहीत नाही?
*एक अनिवासी वाचक*

नाही. तुमच्याकडचा कायदा थोडक्यात इतरांसाठी सांगते, कारण तो समजायला सोपा आहे. २०५० पर्यंत उत्सर्जन किती कमी करायचं तो आकडा कायद्यातच लिहिलेला, आधी ८० टक्के होता, २०१९ मध्ये १०० टक्के म्हणजे नेट झिरो केला (जेवढं सोडलं तेवढं शोषून घ्यायचं). दर पाच वर्षांचं कार्बन बजेट, म्हणजे एकूण उत्सर्जनाची मर्यादा, संसदेने मंजूर करायचं, आणि सरकार गाडीवर आहे की घसरलं हे सांगायला एक स्वतंत्र समिती. म्हणजे मंत्री बदलला तरी आकडा बदलायला संसदेत जावं लागतं.

आपल्याकडे २०७० चा नेट झिरो आहे, पण तो पंतप्रधानांनी २०२१ ला ग्लासगोत जाहीर केलेला शब्द आहे, कुठल्या कायद्याचं कलम नाही. कायद्यात जे आलंय ते कडेकडेने आलंय. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, त्यातून कार्बन क्रेडिटची बाजारपेठ उभी करायची योजना २०२३ ला निघाली, आणि आता सिमेंट, अॅल्युमिनियम, कागद, क्लोर-अल्कली अशा उद्योगांना प्रति टन मालामागे किती उत्सर्जन चालेल याची उद्दिष्टं दिलीत. लक्षात घ्या, मालामागे. माल वाढला तर एकूण धूर वाढू शकतो आणि तरीही उद्दिष्ट पूर्ण. आपण अजून गरीब आहोत, दरडोई उत्सर्जन तुमच्यापेक्षा कमी आहे, त्यामुळे मी याला लबाडी म्हणणार नाही, पण कार्बन बजेटही म्हणणार नाही.

आणि तुम्ही सोलापूरचे आहात म्हणून मुद्दाम, या बाबतीतला आपला सगळ्यात मोठा निकाल माळढोकाने दिलाय! नान्नजचा माळढोक तुम्ही लहानपणी पाहिला असेल कदाचित, आता तिथे तो दिसणं म्हणजे लॉटरी. राजस्थान-गुजरातमध्ये जे थोडे उरलेत ते विजेच्या तारांना धडकून मरतात म्हणून वन्यजीव अभ्यासक एम. के. रणजितसिंह कोर्टात गेले, २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्या असा आदेश झाला. मग सौर प्रकल्पवाले आणि सरकार म्हणाले की हे परवडणारं नाही आणि हवामानाचं उद्दिष्ट बुडेल. २१ मार्च २०२४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने तो सरसकट आदेश सैल केला, आणि त्याच निकालात म्हटलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा कलम १४ आणि २१ खाली हक्क आहे. पक्ष्याची तार वर राहिली आणि माणसाला हक्क मिळाला, असं ते झालं. त्या हक्काचा कायदा मात्र कुणी केलेला नाही. निकालात तशी खंतही आहे, की एक छत्र असलेला कायदा नाही म्हणून हक्क नाही असं होत नाही.

उत्तराखंडच्या एका नऊ वर्षांच्या मुलीने, रिधिमा पांडेने, २०१७ ला हरित लवादात हेच मागितलं होतं, कार्बन बजेट करा म्हणून. लवादाने २०१९ मध्ये प्रकरण निकाली काढलं, कारण काय, तर ईआयएमध्ये हवामानाचा विचार होत नाही असं मानायचं कारण नाही. वरच्या वहिनींना तो सातशे पानांचा गठ्ठा पुन्हा बघायला सांगते, त्यात हवामान कितव्या पानावर आहे ते.

आम्ही ठाण्यात बुक केलेल्या टॉवरला पर्यावरण मंजुरीच नव्हती असं आता कळतंय. बिल्डर म्हणतो "नंतर घेऊ, आता कोर्टाने परवानगी दिलीय". असं असतं का? ईएमआय चालू आहे.
*एक जोडपं, ठाणे*

ईएमआय चालू आहे हे वाचून पोटात गोळा आला. आधी नियम सांगते. एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पाया खणायच्या आधी मंजुरी घ्यायची. आधी, हा सगळा मुद्दा त्या एका शब्दाचा आहे.

केंद्राने २०१७ ला अधिसूचना आणि २०२१ ला पत्रक काढून आधीच काम सुरू केलेल्यांना मागाहून मंजुरीची वाट करून दिली. मुंबईच्या वनशक्ती संस्थेने आव्हान दिलं आणि १६ मे २०२५ ला न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी दोन्ही रद्द केली, यापुढे अशी मागील दाराची मंजुरी नाही म्हणून. ओक साहेब तुमच्या ठाण्याचेच. ते निवृत्त झाले, आणि १८ नोव्हेंबर २०२५ ला तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक असा तो निकाल मागे घेतला, तेव्हाचे सरन्यायाधीश गवई आणि न्या. चंद्रन एका बाजूला, भुयान विरोधात. बहुमताचं म्हणणं असं की नाहीतर हजारो कोटींचे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील आणि पाडण्यानेही प्रदूषणच होईल. भुयान यांनी त्याला चांगलंच फटकारलंय, वेळ मिळाला तर वाचा.

मला बहुमताचा तर्क पटत नाही. चोरीचा माल मोठा असला तर परत द्यायला त्रास होईल म्हणून ठेवून घ्या, असा काहीसा तो आहे. पण माझं पटणं बाजूला ठेवा. तुमचा बिल्डर "परवानगी दिली" म्हणतो ते खोटं आहे एवढं कळून घ्या. जुना निकाल मागे घेतला आणि प्रकरण पुन्हा ऐकायला ठेवलं, त्याने तुमच्या टॉवरला मंजुरी मिळाली असं होत नाही, ती वेगळी मागावी लागते, दंड भरावा लागतो आणि नाकारलीही जाऊ शकते. तुम्ही करा एवढंच, की महारेराच्या पानावर बिल्डरने काय अपलोड केलंय बघा, परिवेशवर प्रकल्पाच्या नावाने शोधा, आणि लेखी विचारा. फोनवर नाही. मग ते कागद घेऊन ठाण्यातल्याच एखाद्या रेरा बघणाऱ्या वकिलाकडे जा, मासिकाच्या उत्तरावर घराचे निर्णय घेऊ नका.

आमच्या गावात ग्रामदेवतेची राई आहे, आजोबांच्या आधीपासूनची, तिथे कुणी काडीसुद्धा तोडत नाही. नवा वन कायदा आल्यावर ती जंगल राहिली नाही असं एकाने सांगितलं. आणि ते पश्चिम घाटाचं नोटिफिकेशन सारखं येतं-जातं ते काय आहे?
*दोडामार्ग*

दोन प्रश्न आहेत, पहिला जास्त तातडीचा.

१९८० च्या वन कायद्यात जंगल म्हणजे काय याची व्याख्याच नव्हती. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शब्दकोशातला अर्थ घ्या, जमीन कुणाच्याही नावावर असो, जंगल असेल तर जंगल. तुमची राई त्या वाक्यामुळे वाचत आली. २०२३ च्या दुरुस्तीने (कायद्याचं नावच आता हिंदी आहे, वन संरक्षण एवं संवर्धन अधिनियम, इंग्रजी राजपत्रातसुद्धा) ते दार अरुंद केलं, जंगल म्हणजे एकतर रीतसर घोषित झालेलं, किंवा २५ ऑक्टोबर १९८० ला किंवा त्यानंतर सरकारी नोंदीत जंगल म्हणून लिहिलेलं. राया बहुतेक देवाच्या नाहीतर खासगी नावावर असतात, त्यांच्या सातबाऱ्यावर जंगल हा शब्द असेलच असं नाही.

पण सांगणाऱ्याने पुढचं सांगितलं नाही. १९ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने अंतरिम आदेश दिला की राज्यांच्या याद्या पूर्ण होईपर्यंत १९९६ चाच अर्थ चालू ठेवा. म्हणून राई आज जंगल आहे, आणि उद्या राहणार की नाही हे त्या यादीवर ठरणार. यादीत नाव घालायला कुणी घरी येणार नाही, तुम्हीच ग्रामसभेत ठराव करा, गट नंबर, अंदाजे क्षेत्र, झाडं, देवाचं नाव, फोटो, आणि उपवनसंरक्षकांकडे पोच घेऊन द्या. ठरावात १८ डिसेंबर २०२४ च्या निकालाचा उल्लेख करा, राजस्थानच्या ओरण म्हणजे तिकडच्या देवरायांचं सर्वेक्षण करून त्यांना जंगल म्हणून नोंदवा असं कोर्टाने त्यात सांगितलंय. गावकार-मानकऱ्यांना बरोबर घ्या, नाहीतर सरकार देवाची जागा घेणार अशी अफवा उठायला दोन तास पुरतात.

घाटाचं म्हणाल तर तिथला कुठला भाग संवेदनशील म्हणून जपायचा हे सांगणारा माधव गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ चा, तो सरकारने दाबूनच ठेवला होता, माहिती अधिकाराच्या भांडणानंतर २०१२ ला बाहेर आला. मग कस्तुरीरंगन समिती, २०१३, तिने ते संवेदनशील क्षेत्र बरंच कमी केलं. त्यावरून मार्च २०१४ मध्ये पहिला मसुदा निघाला, मुदत संपली, परत निघाला, परत संपली, असे सहा मसुदे. सहावा ३१ जुलै २०२४ चा, ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० च्या आसपास. त्याच्या आदल्या दिवशी, ३० जुलैला, वायनाडमध्ये डोंगर कोसळला होता. आणि बरोब्बर दहा वर्षांपूर्वी ३० जुलैलाच माळीण. मधल्या काळात तळिये झालं, इरशाळवाडी झालं. मसुद्यात खाणी, लाल यादीतले (म्हणजे जास्त प्रदूषण करणारे) नवे उद्योग, नवी औष्णिक वीज केंद्रं बंद, शेती बंद नाही, घर दुरुस्ती बंद नाही, हे इतक्या वेळा सांगून झालंय तरी दर निवडणुकीला "गाडगीळ आला तर गोठा बांधता येणार नाही" हे चालतंच. गाडगीळांचं म्हणणं तर ग्रामसभांनी ठरवावं असं होतं, आणि तेच नेमकं कुठल्याच मसुद्यात आलं नाही.

तुमच्या तालुक्यापुरतं वेगळं आहे. सावंतवाडी-दोडामार्गच्या वन्यजीव भ्रमणमार्गाबद्दल मुंबई हायकोर्टाने २०२४ मध्ये सरकारला संवेदनशील क्षेत्र घोषित करायला सांगितलंय. तुमचं गाव त्या यादीत आहे का ते राईच्या अर्जाबरोबरच विचारून टाका, एका फेरीत दोन कामं.

शेजाऱ्याने आमच्या हद्दीतला हापूस तोडला. पर्यावरण कायदा लागू होतो का?
*दोन वाचक, दोन वेगळे शेजारी*

नाही हो. मोजणी करून घ्या, आणि गावात असाल तर वृक्षतोडीच्या तक्रारीचा अर्ज वन खात्याकडे, शहरात असाल तर नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्याला रीतसर नोटीस जाऊ दे, नाहीतर तो म्हणेल मला माहीतच नव्हतं.

जनविश्वास कायद्याखाली तक्रार फक्त प्रदूषण मंडळच करू शकतं ना?
*इचलकरंजी*

नाही, आणि हे मला पहिल्याच उत्तरात लिहायला हवं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये दंडाच्या चौकशीचे नियम निघालेत, त्यात मंडळाचे अधिकारी तर आहेतच, पण कुणीही व्यक्ती ठरलेल्या नमुन्यात निर्णय अधिकाऱ्याकडे तक्रार करू शकते, ऑनलाइन, स्पीड पोस्टने किंवा हाताने नेऊन. चौकशी सहा महिन्यांत संपवायची आहे. पंचगंगेच्या फेसाचे फोटो तुमच्याकडे असतीलच, तारीख आणि जागा दिसेल असे निवडा, आणि स्पीड पोस्टची पावती फेकू नका.